विक्षेप आणि विचय : बाबूराव पेंटर यांच्या कलासाधनेचे धम्मदृष्टीतून परीक्षण

कलावंताने आपल्या कलेखेरीज इतरत्र लक्ष घालावे की घालू नये, हा प्रश्न मराठी कलाविचारात फारसा गंभीरपणे चर्चिला गेलेला नाही. याचे एक कारण असे की, त्याचे उत्तर आपल्या म्हणींनी आधीच देऊन ठेवलेले आहे. अनेक नाद असणाऱ्या माणसाला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असे म्हणून आपण निकालात काढतो. याच अर्थाची दुसरी एक म्हण गुजरातीतून आपल्याकडे येऊन रुळलेली आहे : 'जेनु काम तेनु थाय, बिजा करे सो गोता खाय'. पहिली म्हण चंचलपणाची थट्टा करते. दुसरी मात्र थट्टेवर थांबत नाही, ती निर्बंध घालते. ज्याचे काम त्यानेच करावे, दुसऱ्याने त्यात हात घातला तर तो बुडेल, असा तिचा इशारा आहे. परंतु 'ज्याचे काम' म्हणजे कोणाचे काम आणि ते त्याचे आहे हे कोणी ठरविले, असा प्रश्न विचारताच व्यवहारज्ञानाच्या या साध्या वाटणाऱ्या वाक्यामागे उभी असलेली वर्णव्यवस्था स्पष्ट दिसू लागते.

बौद्ध वाचकापुढे हाच प्रश्न आणखी एका अंगाने उभा राहतो. धम्मसाधनेत चित्ताच्या एकाग्रतेचे स्थान मोठे आहे. 'उद्धच्च', म्हणजे चित्ताचे भिरभिरणे, हे पाच नीवरणांपैकी एका नीवरणाचे अंग मानले गेले आहे. मग ज्याचे मन आज एका विद्येत रमते आणि उद्या दुसऱ्या विद्येकडे धाव घेते, अशा कलावंताकडे धम्माच्या अनुयायाने कसे पाहावे? त्याचे कुतूहल हा दोष समजावा की गुण? या प्रश्नाचे उत्तर केवळ सिद्धान्ताच्या पातळीवर देता येणार नाही. एखादे प्रत्यक्ष कलाजीवन समोर ठेवूनच त्याची परीक्षा झाली पाहिजे.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतील गांधी मैदानाकडून खरी कॉर्नरकडे निघाले की, तेथे एक स्तंभ पाहावयास मिळतो. त्या स्तंभावर कोणा राजाची वा सेनापतीची मूर्ती नाही. तेथे चित्रपटाचा एक कॅमेरा आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारलेला आहे. ज्यांच्या नावातच 'पेंटर' हा शब्द कायमचा जडला, त्यांच्या स्मारकावर कुंचला नाही आणि रंगांची तबकडीही नाही. तेथे आहे ते एक यंत्र. म्हणजे ज्या गोष्टीला त्या काळच्या शहाण्या माणसांनी चित्रकाराचे 'भलतेच खूळ' म्हटले असते, तीच गोष्ट पुढे या शहराने त्याच्या कार्याची खूण म्हणून निवडली. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

एका कारागिराचे भटकणे

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. 'मेस्त्री' हे आडनावच घराण्याचा व्यवसाय सांगते. लाकूडकाम, कोरीवकाम आणि हस्तिदंती काम अशा अनेक हस्तकौशल्यांची परंपरा त्यांच्या घरात होती. शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. जे शिक्षण झाले ते हत्यारांच्या सहवासात झाले. आपल्या नात्यातील आनंदराव पेंटर यांच्यासमवेत ते चित्रकलेकडे वळले आणि १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविणारे कुशल चित्रकार म्हणून दोघांचे नाव पश्चिम भारतात गाजले. 'पेंटर' हे नाव त्यांना मिळाले ते याच कामामुळे.

येथे त्यांनी थांबावयास हरकत नव्हती. नाटक मंडळ्यांचा तो वैभवाचा काळ होता, पडद्यांना मागणी होती, नावलौकिक होता. परंतु १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि या दोघांचे लक्ष रंगविलेल्या पडद्यावरून उजळलेल्या पडद्याकडे गेले. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. परंतु चित्र कसे हलते, हे पाहून समाधान होणारी ही माणसे नव्हती. ते कशामुळे हलते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यातून स्वतःचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. तरीही बाबूरावांनी तो ध्यास सोडला नाही आणि आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने १९१८ पर्यंत त्यांनी चालू स्थितीतील कॅमेरा तयार केला.

या कामाचे स्वरूप नीट लक्षात घेतले पाहिजे. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फीत अखंड धावत नाही. ती पुढे सरकते, क्षणभर स्थिर होते, त्या स्थिर क्षणी भिंगामागची झडप उघडते, प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि मिटलेल्या अवस्थेत फीत पुन्हा पुढे सरकते. मूकपटांच्या काळात ही क्रिया दर सेकंदाला साधारणपणे सोळा वेळा घडत असे. फितीच्या कडेची छिद्रे, त्यांत अडकणारा आकडा आणि फिरती झडप या तिन्हींच्या मापांत केसाइतका फरक पडला तरी चित्र थरथरते. अशा यंत्राची घडण चित्रकाराच्या कल्पनाशक्तीने होत नसते. तिच्यासाठी हस्तिदंतावर नक्षी कोरणाऱ्या माणसाची नजर आणि लाकडाचा सांधा बसविणाऱ्या माणसाचा हात लागतो. बालपणी घरात शिकलेले जे कसब चित्रकार झाल्यावर मागे पडले होते, ते येथे पुन्हा कामी आले.

पुढील काळातही असेच घडत गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये दाखविण्यात आला. नंतर १९२३ सालच्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. ज्याने सपाट कापडावर चांदणे आणि दिव्यांचा उजेड रंगविला होता, त्याला खऱ्या दिव्याने छायाप्रकाश घडविण्याची ओढ लागावी, हे स्वाभाविक होते. सपाट रंगीत पडद्यांच्या जागी त्यांनी खोली आणि घनता असलेले देखावे उभे केले. त्यामागे त्यांची शिल्पदृष्टी होती. चित्रपटाची भित्तिपत्रके त्यांनी स्वतः रंगविली. चित्रांसह माहिती देणाऱ्या पुस्तिका काढल्या. पटकथा स्वतः रचल्या. या यादीतील प्रत्येक काम त्यांच्या आधीच्या कोणत्या ना कोणत्या 'नादा'तून उगवलेले दिसते. म्हणूनच, त्यांनी चित्रकला सोडून चित्रपट धरला, असे म्हणण्यापेक्षा त्यांनी जे जे धरले ते ते चित्रपटात आणून सोडले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

धम्मविचय : कुतूहलाची बौद्ध मीमांसा

आता धम्माच्या बाजूने या जीवनाकडे पाहू. सात बोज्झंगांचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. सति, धम्मविचय, विरिय, पीति, पस्सद्धि, समाधि आणि उपेक्खा. या क्रमात समाधी सहाव्या स्थानी आहे आणि धम्मविचय दुसऱ्या. विचय म्हणजे शोध, निवड, उलटसुलट करून पाहणे. साधनेतील त्याचा विषय कुशल आणि अकुशल धम्मांचे परीक्षण हा आहे, कलावंताचा विषय वेगळा आहे, हे मान्य. तथापि चित्ताचा धर्म दोन्हीकडे एकच असल्यामुळे ही तुलना अप्रस्तुत ठरत नाही. ज्या चित्ताने काही शोधले नाही, त्याची एकाग्रता कशावर होणार?

संयुत्त निकायातील बोज्झंग संयुत्तात अग्गि सुत्त आहे. त्यातील दृष्टान्त आपल्या प्रश्नावर थेट प्रकाश टाकतो. विस्तव मंद झाला असेल आणि तो पेटवावयाचा असेल, तर त्यावर ओले गवत, ओले शेण, ओली लाकडे घालून भागणार नाही. तेथे वाळलेले गवत, वाळलेल्या गोवऱ्या आणि सुकी लाकडेच हवीत, वर फुंकरही घालावी लागेल. त्याचप्रमाणे चित्त मंदावलेले असताना प्रश्रब्धी, समाधी व उपेक्षा यांचा काळ नसतो. तेव्हा धम्मविचय, वीर्य आणि प्रीती यांचा काळ असतो. उलट, आग भडकलेली असेल आणि ती शमवावयाची असेल, तर सुकी लाकडे घालणे हा वेडेपणा ठरेल. चित्त उद्धत झालेले असताना शांती, समाधी व उपेक्षा यांचाच काळ असतो. आणि सति? ती सर्वत्र उपयोगी आहे, असे भगवंत सांगतात.

या सुत्तात चित्ताला एकच औषध सदासर्वकाळ दिलेले नाही. एकाग्रता हा गुण खरा, पण तिलाही वेळ असते. अवेळी लादलेली एकाग्रता ही मंद विस्तवावर टाकलेल्या ओल्या शेणासारखी असते, तिने धूर होतो, उजेड होत नाही. एकाच प्रकारचे पडदे वर्षानुवर्षे रंगविणाऱ्या हातात सफाई येते. पण त्या सफाईखाली विस्तव विझत चालला आहे, हे त्या हाताला कळत नाही. बाबूरावांनी १९१३ नंतर हलत्या चित्रांकडे धाव घेतली, ती आपल्या विस्तवावर घातलेली सुकी लाकडे होती. पुढे कॅमेरा सिद्ध होईपर्यंतची वर्षे त्याच एका यंत्रापाशी चिकाटीने काढली, हा दुसरा काळ होता. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही काळ असतात आणि कोणता काळ चालू आहे हे ओळखणारी जागृती म्हणजे सति.

विनयपिटकाच्या महावग्गातील जीवकाची कथाही येथे आठवते. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर जीवकाने आचार्यांना विचारले की, या विद्येचा अंत कधी होणार? आचार्यांनी त्याला कुदळ घेऊन तक्षशिलेभोवतीच्या एक योजन परिसरात फिरण्यास आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन येण्यास सांगितले. जीवक सारा परिसर हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे त्याला काहीच आढळले नाही. आचार्य म्हणाले की, तुझे शिक्षण पूर्ण झाले. उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल. कुळाने नेमून दिलेला व्यवसाय त्याला नव्हता, म्हणूनच कदाचित सारे रान त्याचे अभ्यासाचे क्षेत्र होऊ शकले. कलावंताचे शिक्षणही याच कसोटीवर पूर्ण होते. आपल्या कलेला निरुपयोगी असे ज्याला भोवताली काहीच सापडत नाही, तो खरा सिद्धहस्त होय.

सोण कोळिविसाची कथा अंगुत्तर निकायात आहे. अतिरेकी प्रयत्नाने थकलेला, चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ झालेला हा भिक्खू गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले ते साधनेविषयी नव्हे, वीणेविषयी. पूर्वी गृहस्थ असताना तो वीणावादनात निपुण होता. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर वीणा नीट वाजत नाही. तसेच वीर्याचेही आहे, हे त्याला त्याच्याच जुन्या छंदाच्या भाषेत पटवून देण्यात आले. मागे टाकलेला छंद मोक्याच्या क्षणी ज्ञानाचे द्वार झाला. बाबूरावांच्या कॅमेऱ्याला त्यांच्या जुन्या हत्यारांनी जी साथ दिली, तिची जात हीच आहे.

कुतूहलाचा अधिकार कोणाला?

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही देशातील कलावंताला लागू पडेल. परंतु आपल्या समाजात कुतूहलाचा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा नाही, तो अधिकाराचा प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, हीन जातीच्या मनुष्याने लोभाने उच्च जातीच्या कर्मांवर उपजीविका केली तर राजाने त्याचे सर्वस्व हरण करून त्याला देशाबाहेर घालवावे. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणे, हा येथे केवळ चंचलपणा राहिला नाही, तो शासनास पात्र गुन्हा ठरला. गीतेतील स्वधर्माची शिकवणही परधर्माला भयावह ठरवून हाच निर्बंध मनाच्या आत नेऊन बसविते. 'बिजा करे सो गोता खाय' ही म्हण या आज्ञेचेच घरगुती रूप आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा अन्य अनेक बंधनांबरोबर कुतूहलावरील हे बंधनही त्या अग्नीत टाकले गेले, असे म्हटले पाहिजे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या आपल्या प्रबंधात हा मुद्दा निर्णायकपणे मांडला. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ती माणसाच्या नैसर्गिक कलानुसार झालेली नाही आणि एका व्यवसायातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीकही ती देत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कलेच्या क्षेत्रात याचा अर्थ असा की, ज्याच्या हातात हत्यार होते त्याला ग्रंथ नाकारला गेला आणि ज्याच्या हातात ग्रंथ होता त्याने हत्याराला हात लावणे कमीपणाचे मानले. डोके आणि हात यांची अशी फारकत झाल्यावर यंत्रविद्या कशी वाढणार आणि कलाही कशी वाढणार? फाळके ब्राह्मण कुटुंबातून छपाई, छायाचित्रण आणि यंत्रांकडे आले. बाबूराव कारागिराच्या घरातून चित्र, कथा आणि दिग्दर्शनाकडे गेले. मराठी चित्रपटाचा जन्म झाला तो या दोन्ही बाजूंनी कुंपण ओलांडले गेल्यामुळे. त्यातही बाबूरावांची वाट अधिक चढणीची होती.

भगवान बुद्धांच्या उपदेशाने हे कुंपण मुळातच नाकारले होते. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त सांगते की, मनुष्य जन्माने काही ठरत नाही. तो शेतकरी असो, शिल्पी असो वा व्यापारी, तो आपल्या कर्माने तसा होतो. आपण विहारात जे महामंगल सुत्त म्हणतो, त्यात 'बाहुसच्च' आणि 'सिप्प' यांची गणना उत्तम मंगलांत शेजारी शेजारी केलेली आहे. बाहुसच्च म्हणजे बहुश्रुतता, सिप्प म्हणजे हस्तकौशल्य. ज्या दोन गोष्टी वर्णव्यवस्थेने एकमेकींपासून तोडल्या, त्या या सुत्ताने एकत्र बसविल्या. कलावंताच्या अनेकांगी कुतूहलाला याहून मोठे समर्थन कोणते हवे?

कोल्हापूरचे वातावरणही या दृष्टीने लक्षणीय होते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. अस्पृश्य समाजातील माणसांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळे यांनी उपाहारगृह काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे चहासाठी थांबू लागले. या साऱ्या कृतींचा अर्थ एकच होता. जन्माने नेमलेल्या कामाबाहेरचे काम माणूस करू शकतो, हे राजसत्तेने जाहीरपणे मान्य केले होते. मेस्त्रीचा मुलगा कॅमेरा बनवितो, ही घटना अशा शहरात घडली, हा योगायोग समजू नये.

'सावकारी पाश' : कुतूहलाचे फळ आणि त्याची मर्यादा

कुतूहलाची खरी कसोटी त्यातून काय निपजले, यावर लागते. बाबूरावांच्या बाबतीत हे फळ म्हणजे १९२५ सालचा 'सावकारी पाश'. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी होती. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. त्या मूकपटाची प्रत आज पाहावयास मिळत नाही. तथापि चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या जाणत्या प्रेक्षकाच्या स्मरणात 'सावकारी पाश'मधील एक दृश्य दीर्घकाळ राहिले. मंद उजेडातील झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे. देवदेवतांच्या चमत्कारांनी भारलेल्या पडद्यावर एक साधी झोपडी आली आणि तिने माणसाचे दुःख सांगितले. दुःख आहे हे पाहणे, हे पहिले आर्यसत्य. त्या दृश्याने प्रेक्षकाला तेथवर नेले आणि सावकारीकडे बोट दाखवून दुःखाच्या कारणाचीही वाट दाखविली.

असे दृश्य कोणाला सुचते? आमच्या मते, ज्याने वस्तू हाताळल्या आहेत त्यालाच. पडदा रंगविणारा चित्रकार झोपडीचे चित्र काढील. परंतु तिची कूड कशी विणली जाते, छप्पर कसे शाकारतात, काजळी कोठे धरते, हे पाहणारी नजर कारागिराची असते. बाबूरावांच्या वास्तवदर्शनामागे त्यांची प्रतिभा होती, तशीच वस्तुजाताविषयीची त्यांची न संपणारी उत्सुकताही होती.

परंतु समीक्षकाने येथे थांबून चालणार नाही. 'सावकारी पाश'ला प्रेक्षकांनी अपेक्षित साथ दिली नाही आणि बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. 'भक्त प्रल्हाद', 'मुरलीवाला', 'सती सावित्री', 'लंका' या पुढील शीर्षकांवरून नुसती नजर टाकली तरी पुराणकथांचे प्राबल्य ध्यानात येते. पुढे १९३६ साली त्यांनी 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला, यावरून तो विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा एक प्रश्न उरतोच. १९२० च्या फेब्रुवारीत 'सैरंध्री'चा कीचकवध पडद्यावर गाजत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये याच संस्थानच्या परिसरात माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. पुराणातील अपमानित स्त्रीचा सूड त्या पडद्याला दिसला. शेजारी मान वर करून उभा राहणारा समाज त्याच्या कथांचा विषय झाला नाही. यंत्र, प्रकाश, रंग, माती यांविषयी अमर्याद असलेले कुतूहल गावकुसापाशी येऊन थबकले.

तसेच या कुतूहलाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी हे धाडस केले, म्हणून त्यांना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि कंपनीच्या आवारातच आश्रय घ्यावा लागला. नवे करून पाहणाऱ्या पुरुषाला 'कलामहर्षी' ही पदवी मिळते आणि त्याच प्रयोगात उतरलेल्या स्त्रीला बहिष्कार मिळतो. कुतूहलाच्या इतिहासात ही बाजूही नोंदली गेली पाहिजे.

बाबूरावांच्या कुतूहलाने जे कुंपण ओलांडले नाही, ते ओलांडणारा एक चित्रकार त्याच कोल्हापुरात होता. भाई माधवराव बागल यांचा जन्म १८९५ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा निसर्गचित्रकार सत्यशोधक खंडेराव बागलांचा मुलगा. चित्रकलेबरोबर लेखन, वक्तृत्व, सत्यशोधक विचारांचा प्रचार, प्रजा परिषदेचे नेतृत्व आणि तुरुंगवास असे त्यांच्या आयुष्याचे अनेक फाटे झाले. शुद्ध कलेच्या उपासकांना यात एका चित्रकाराची हानी दिसेल. तसे पाहिले तर, त्यांनी आणखी कितीतरी निसर्गचित्रे काढली असती. परंतु ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बागलांच्या पुढाकाराने उभे राहिले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत. या पुतळ्यांचे शिल्पकार बाळ चव्हाण. भर चौकात, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर, कोणाचा चेहरा असावा, हा निर्णय जितका राजकीय तितकाच कलाविषयक आहे. चळवळीत 'भरकटलेल्या' चित्रकाराची नजर नसती, तर तो निर्णय कदाचित इतक्या लवकर झाला नसता.

बाबूरावांचे कुतूहल वस्तूंकडे वळले, बागलांचे माणसांकडे. पहिल्याने नवी कला निर्माण केली, दुसऱ्याने कलेला नवी जागा मिळवून दिली. दोहोंपैकी एकाला श्रेष्ठ ठरविण्याची आवश्यकता नाही. तथापि आंबेडकरी समीक्षेने पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्याचा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे : तुझे कुतूहल कोठे थांबले आणि का थांबले?

आजच्या कलावंताचा प्रश्न

या चर्चेचा आज काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे. आपल्या वस्त्यांमधून चित्र काढणारी, गाणारी, लिहिणारी, चित्रपट करू पाहणारी मुले-मुली आज मोठ्या संख्येने पुढे येत आहेत. त्यांच्यावर दोन बाजूंनी दडपण असते. घर म्हणते, एक नोकरी धर आणि बाकीचे नाद सोड. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्यातून आलेली ही काळजी आहे, तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरे दडपण कधी कधी आपल्यातूनच येते. तू चळवळीचेच चित्र काढ, चळवळीचेच गीत लिही. दगड, पाखरे, यंत्रे, आकाशातील तारे यांत काय आहे, असे त्याला सुनावले जाते. परिणामी एकाच छायाचित्रावरून काढलेल्या तसबिरींच्या तसबिरी तयार होतात. त्यांत श्रद्धा असते, पण शोध नसतो.

अशा वेळी स्वतः बाबासाहेबांचे जीवन डोळ्यांसमोर आणावे. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने पाली भाषेचा कोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले, राज्यघटनेचा मसुदा घडविला, उतारवयात व्हायोलिन शिकण्यास घेतले. यांपैकी कोणत्या गोष्टीला विक्षेप म्हणावे? ज्या समाजाला सहस्रावधी वर्षे एकाच कामाला जुंपून ठेवले गेले, त्या समाजातील मुलाने दहा गोष्टींत डोके घालणे, ही त्याच्या मुक्तीची खूण आहे. कुतूहल ही आपल्यासाठी चैनीची वस्तू नाही, तो लढून मिळविलेला हक्क आहे.

मात्र प्रत्येक भटकणे म्हणजे विचय नव्हे. हातातील मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत तासन्‌तास घालविणारा तरुणही एका गोष्टीवरून दुसरीकडे जातच असतो. तेथे शोध त्याचा नसतो. काय दाखवावयाचे हे दुसऱ्याने, स्वतःच्या नफ्यासाठी, ठरविलेले असते. बाबूरावांनी यंत्र समजून घेऊन स्वतःचे यंत्र घडविले; येथे यंत्रच माणसाला उलगडून बसते. अग्गि सुत्ताच्या भाषेत, ही सुकी लाकडे नव्हेत, हे ओले गवत आहे. तेव्हा कलावंताने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या नवीन गोष्टीकडे मी जाणीवपूर्वक वळलो, की ओढला गेलो? तिच्यात हात घालून काही शिकलो, की नुसते पाहून पुढे गेलो? आणि परत येताना माझ्या कामासाठी, माझ्या माणसांसाठी काही घेऊन आलो का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर जगाने त्याला भाराभर चिंध्या म्हणावे, त्याने खुशाल म्हणू द्यावे. भिक्खूंच्या चीवरालाही चिंध्यांची परंपरा आहे. टाकून दिलेले तुकडे निवडून, धुऊन, मापाने जोडून ते शिवले जात असे. चिंध्या असणे हा दोष नाही. त्या शिवण्याची सति हवी.

खरी कॉर्नरच्या त्या स्तंभाजवळून दररोज शेकडो विद्यार्थी जातात. तो स्तंभ एका माणसाच्या गौरवापुरता आहे असे त्यांनी समजू नये. आपल्याला नेमून दिलेल्या कामापलीकडे पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, हे तो सांगतो. ते पाहणे गावकुसापाशी थबकता कामा नये, हे सांगण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.